टर्मिनल पेशीतली नळी तुटते, फुगते किंवा दिसतच नाही: दोष नेमका कुठे शोधायचा?

फळमाशीच्या श्वासनलिकांवर काम करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "क्रॉस लावला, तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या बघितल्या, टर्मिनल पेशीतली नळी गेलीय." गेलीय म्हणजे काय झालंय, असं विचारलं की उत्तर लांबतं. कधी नुसती हवा भरलेली नसते, कधी नळी तुकड्यातुकड्यांत असते, कधी तिला फुगे आलेले असतात, आणि कधी नळी अगदी ठीकठाक असते, फांदीच आखूड राहिलेली असते. या सगळ्यांवर 'ट्रॅफिकिंग डिफेक्ट', म्हणजे पेशीतल्या मालवाहतुकीचा दोष, असा एकच शिक्का मारून लोक पुढच्या जनुकाकडे वळतात. महिन्याभराने तोच प्रश्न परत येतो, कारण पहिल्यांदा तो सुटलेलाच नसतो.

ज्यांनी हे काम नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. फळमाशीच्या अळीत श्वासनलिकांच्या टोकाला ताऱ्यासारखी पसरलेली एक-एक पेशी असते. तिला डझनावारी फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या आतून एक नळी जाते. ही नळी दोन पेशी एकमेकींना चिकटून बनलेली नसते, एकाच पेशीने स्वतःभोवती गुंडाळी करूनही बनलेली नसते. पेशीच्या आतच शिखराकडचं, म्हणजे एपिकल, पटल वाढत जातं आणि त्याचीच नळी होते. तिला सांधा नसतो. बाहेरून फांदीला वेढणारं पटल बेसल, आतून पोकळीला वेढणारं पटल एपिकल, आणि दोन्हींसाठी लागणारा माल त्याच पेशीतल्या व्हेसिकल्स, म्हणजे पटलाच्या बारीक पिशव्या, वाहून आणतात. म्हणून इथे नळीचा आकार आणि पटलाची वाहतूक या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आधी हवा, मग नळी

साध्या ब्राइटफील्डमध्ये, म्हणजे आरपार प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली, आपल्याला जी काळसर, चकचकीत रेघ दिसते ती नळी नसते, नळीतली हवा असते. हवा आणि भोवतालचं द्रव यांच्या अपवर्तनांकात फरक असतो म्हणून कड उठून दिसते. नळीत द्रव राहिलं की ती रेघ नाहीशी होते, नळी मात्र जागेवरच असते. त्यामुळे ब्राइटफील्डमध्ये रेघ मध्येच थांबली यावरून दोनच गोष्टी सांगता येतात: एकतर तिथे पोकळी नाही, नाहीतर पोकळी आहे पण हवा नाही. यातली कोणती, ते त्या चित्रातून कळत नाही.

अळी ग्लिसरॉलमध्ये ठेवून साधारण ७० अंश सेल्सियसवर काही सेकंद धरली की ती निश्चल होते आणि फोटो घेता येतो. पण तिथून पुढे घड्याळ सुरू होतं. मेलेल्या अळीच्या बारीक नळ्यांत द्रव शिरत जातं. एका स्लाइडवर बऱ्याच अळ्या लावून शेवटच्या अळीपर्यंत निवांत पोहोचलात, तर शेवटच्या अळीतली 'गॅप' तुमच्या जनुकाची की तुमच्या वेळेची, हे सांगता येणार नाही. कंट्रोल आणि म्युटंट आलटून-पालटून लावा, थोड्या अळ्या लावा, लगेच बघा.

रेघ थांबलेली दिसली की दुसरा पुरावा लागतो. पेशीत साधा, सायटोप्लाझममध्ये पसरणारा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर पोकळी त्यात काळ्या रेघेसारखी दिसते. कॉन्फोकलवर (पातळ थरांत प्रतिमा घेणारा मायक्रोस्कोप) त्या फांदीचा आडवा छेद काढा: चकाकत्या गोलाच्या मध्ये काळा ठिपका असेल तर पोकळी आहे. फिक्स केलेल्या नमुन्यात हवा उरतच नाही, तिथे पोकळीतलं कायटिन (कीटकांच्या कवचातला पदार्थ) रंगवा किंवा अतिनील प्रकाशात तिची स्वतःची चमक बघा. हवा नाही पण कायटिनची रेघ सलग आहे, असं दिसलं तर प्रश्न हवा भरण्याचा आहे. पटलवाहतुकीचा त्याच्याशी संबंध असूही शकतो, पण तो सिद्ध करायला वेगळे प्रयोग लागतात. कायटिनही तुटक असेल तरच पुढचं वाचा.

आणखी एक. वाढत्या फांदीच्या अगदी टोकाला नळी नसणं हा दोष नाही. फांदी पुढे जाते, नळी तिच्या मागून येते. कंट्रोलमध्ये टोकापासून किती अंतरावर नळी संपते ते आधी मोजून ठेवा, नाहीतर प्रत्येक निरोगी पेशी आजारी वाटेल.

फांदी आणि नळी एकाच पेशीत मोजा

माझ्या मते बहुतेक गोंधळ इथे होतो. लोक फांद्यांची संख्या एका तक्त्यात लिहितात आणि नळीचे दोष दुसऱ्या तक्त्यात. मग 'या जनुकाने फांद्याही कमी होतात आणि फुगेही येतात' असं एक वाक्य तयार होतं, जणू दोन वेगळे आजार योगायोगाने एकत्र आलेत.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका कामाने याचा जमाखर्च बऱ्यापैकी स्पष्ट केला. या पेशीत नवं पटल आधी एपिकल बाजूला, म्हणजे नळीकडे पोहोचतं. तिथून ते सतत एंडोसाइटोसिसने आत ओढलं जातं आणि उशिराच्या एंडोसोमची (आत ओढलेला माल ठेवणारी पिशवी) व मल्टिव्हेसिक्युलर बॉडीची (आत छोट्या पिशव्या असलेली पिशवी) लक्षणं असलेल्या एका अंगकातून पुन्हा दोन्हीकडे वाटलं जातं. एंडोसाइटोसिस अडवलं की बेसल पटलाची वाढ थांबते आणि एपिकल पटल अवाजवी वाढतं. मल्टिव्हेसिक्युलर बॉडी बनणंच बिघडवलं तर दोन्हींची वाढ खुंटते.

हे एकदा डोक्यात बसलं की आखूड फांदी आणि फुगलेली नळी ही एकाच हिशेबाची दोन टोकं वाटू लागतात. माल नळीकडे अडकून पडला, म्हणून बाहेरच्या बाजूला कमी पडला. तेव्हा प्रत्येक पेशीसाठी फांद्यांची एकूण लांबी आणि नळीचा आकार एकत्र लिहा. नळी मोठी आणि फांदी लहान असेल तर आधी एंडोसाइटोसिसकडे बघा. दोन्ही लहान असतील तर पुरवठ्याकडे किंवा वाटपाच्या त्या मधल्या अंगकाकडे. पटल एकंदरीत पुरेसं आहे पण भलत्याच जागी आहे, तर दिशेकडे. काटेकोर निदान यातून होत नाही, पण पुढचा प्रयोग कोणता करायचा हे ठरतं.

मोजताना नेहमी एकाच खंडातली पेशी घ्या. खंडाखंडानुसार या पेशींच्या फांद्यांत फरक असतो. शिवाय बाटलीत अळ्यांची गर्दी नको. ऑक्सिजन कमी पडला की भोवतालच्या ऊती ब्रँचलेस हा एफजीएफ (वाढीला चालना देणारा) संकेत जास्त पाठवतात आणि टर्मिनल पेशींना जादा फांद्या फुटतात, हे १९९९ पासून माहीत आहे. कंट्रोलची बाटली विरळ आणि म्युटंटची खच्चून भरलेली, अशा तुलनेतून निघालेला फरक कोणत्या खात्यात टाकणार?

फुगे आलेत

पहिला प्रश्न: तो फुगा नळीचाच आहे का? सायटोप्लाझममधल्या जीएफपीत मोठी व्हॅक्युओल, म्हणजे पेशीतली द्रवाची पिशवी, हीही काळं भोकच दिसते आणि नळीचा फुगाही काळं भोकच. फुग्याच्या कडेला क्रम्ब्जसारखं एपिकल प्रथिन आहे का, आत कायटिन आहे का, आणि वरखाली फोकस करत गेलं तर तो नळीला जोडलेला आहे का, हे तिन्ही बघा. जोड सापडत नसेल तर निष्कर्षाची घाई नको, पातळ छेद घेऊन पुन्हा बघा. जाड छेदात बारीक जोड सहज हरवतो.

फुगा खरा निघाला तर सुरुवातीच्या एंडोसाइटोसिसचा रस्ता तपासा. ब्रेडेड या म्युटंटमध्ये फांद्या कमी होतात आणि सांधा नसलेल्या नळीला फुगे येतात. हे जनुक सिंटॅक्सिन-७ हे पिशव्या जोडणारं प्रथिन बनवतं. शिबिरे, म्हणजे पटलाची पिशवी तोडून वेगळी करणारं डायनॅमिन, तसंच सुरुवातीचे एंडोसोम बनवायला लागणारी रॅब५, व्हीपीएस४५ आणि रॅबेनोसिन-५ यांची कमतरता झाली तरी फुगे येतात. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्यातली सर्वांत कामाची गोष्ट फुगे ही नव्हती, फुगे कशामुळे येतात ही होती. ब्रेडेड पेशीत क्रम्ब्ज आणि फॉस्फोरिलेटेड, म्हणजे सक्रिय, मोएसिन यांचं प्रमाण प्रमाणाबाहेर वाढतं. एंडोसाइटोसिस क्रम्ब्ज काढून घेत राहतं म्हणून त्याची पातळी ताब्यात राहते, क्रम्ब्ज सक्रिय मोएसिन ओढून आणतं, आणि मोएसिन पटलाखालच्या अ‍ॅक्टिनवर परिणाम करून नळीचा घेर ठरवतं.

यातून हाताशी येणारी चाचणी फार सोयीची आहे. मोएसिनची एकच प्रत काढली तरी ब्रेडेडचे फुगे दबतात आणि फांद्याही सुधारतात. तुमच्या जनुकाच्या फुग्यांवर हेच करून बघा. मोएसिन कमी केल्यावर फुगे कमी झाले तर तुम्ही याच रस्त्यावर आहात. काहीच फरक पडला नाही तर फुग्याचं कारण दुसरं असण्याची शक्यता वाढते. पेशीत फॉस्फो-मोएसिन रंगवून कंट्रोलशी तुलना करा, पण दोन्ही नमुने एकाच ट्यूबमध्ये रंगवा आणि मायक्रोस्कोपची सेटिंग तीच ठेवा. क्लोन (साध्या पेशींमध्ये मुद्दाम तयार केलेल्या म्युटंट पेशी) वापरत असाल तर उत्तमच, शेजारची साधी पेशी तुमची कंट्रोल होते.

इथे एक खोडा आहे. नुसतं क्रम्ब्ज जास्त प्रमाणात बनवलं तरी फुगे येतात आणि फांद्या कमी होतात. म्हणजे 'नळी नीट दिसावी' म्हणून तुम्ही यूएएसवर (गॅल४ या स्विचने जनुक चालू करणारा क्रम) चढवलेला क्रम्ब्जचा मार्कर स्वतःच तो दोष निर्माण करू शकतो. मार्कर असलेली पण म्युटेशन नसलेली पेशी पाहिल्याशिवाय त्या फुग्याला काही अर्थ नाही. व्हेसिकल कुठे जायची ते ठरवणाऱ्या रॅब प्रथिनांनाही हेच लागू. यूएएस-वायएफपी-रॅब (पिवळ्या चमकत्या प्रथिनाला जोडलेला रॅब) चढवणं म्हणजे वाहतुकीच्या यंत्रणेतला एक भाग प्रमाणाबाहेर वाढवणं. मूळ जागीच वायएफपी जोडलेल्या रॅबचा संच २०१५ पासून उपलब्ध आहे, स्थान बघायचं असेल तर तो मागवा.

फुग्याची जागाही लिहून ठेवा. स्टॉक पेशीची (टर्मिनल पेशीला मागून जोडलेली शेजारची पेशी) सांधा असलेली नळी जिथे टर्मिनल पेशीच्या बिनसांध्याच्या नळीला मिळते, त्या संक्रमणाच्या पट्ट्यातच फुगवटा असेल आणि बाकी नळी ठीक असेल, तर व्हीझीसारख्या दोषाचा विचार करा. व्हीझी हे जनुक जीसीके-३ किनेज बनवतं. माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या कॅव्हर्नस विकृतीशी निगडित सीसीएम३ प्रथिनाचं ते साथीदार आहे. तिथे गोष्ट सेप्टेट जंक्शनच्या (पेशींमधल्या जोडाच्या) प्रथिनांकडे वळते. सगळे फुगे एकाच टोपलीत टाकू नका.

फांदी आखूड, आत गर्दी

एक्झोसिस्ट हे संकुल व्हेसिकलला पटलाशी अडकवून ठेवतं. त्याच्याशिवाय टर्मिनल पेशीच्या फांद्या अगदी खुरटलेल्या राहतात, सायटोप्लाझममध्ये व्हेसिकल्स साचतात आणि नळीही बिघडते. माल तयार आहे, उतरत नाही, असं चित्र. याउलट माल ओढून नेणारं डायनिन मोटर संकुल नसेल तर माल योग्य दिशेला जातच नाही.

या भागात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो एकट्या रॅबच्या आरएनएआयवर (जनुकाचा आरएनए नष्ट करून ते दाबणं). रॅब१० बंद केला, फारसं काही झालं नाही, रॅब११ बंद केला, तेच, म्हणून 'रॅबचा संबंध नाही' असा निष्कर्ष. टर्मिनल पेशीच्या फांदीवाढीत रॅब१० आणि रॅब११ एकमेकांची जागा भरून काढतात, त्यामुळे दोन्ही एकदम काढल्याशिवाय परिणाम कळत नाही. एकट्याच्या नकारात्मक निकालावर काहीही लिहू नका.

नळी भलत्याच ठिकाणी

टोकांशी नळ्यांचा गुंता आहे, की केंद्रकाभोवती? दोन्हींना 'एक्टोपिक ट्यूब' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी इथे थांबावं. व्हॅक्ड हे रॅब३५ला शांत करणारं जीएपी प्रथिन. ते नसलं, किंवा रॅब३५ कायम सक्रिय ठेवला, तर फांद्यांच्या टोकांशी नळी अवाजवी वाढते. रॅब३५ कमी केला तर जादा नळ्या पेशीच्या मुख्य भागात, केंद्रकापाशी दिसतात. म्हणजे पटल बनतंय, पोहोचवण्याचा पत्ता बदललाय. हे २०१२ मधलं काम आहे आणि अजूनही माझा पहिला आधार तेच, कारण जागा पाहूनच रॅब३५ची पातळी वर गेली की खाली, याचा अंदाज येतो. तुमच्या म्युटंटमध्ये टोकाशी गुंता असेल तर त्यात रॅब३५ कमी करून बघा. गुंता सुटला तर दिशा बरोबर.

पण एका फांदीत दोन-तीन नळ्या समांतर जात असतील तर लगेच रॅबकडे धावू नका. टॅलिन किंवा इंटेग्रिन नसलेल्या पेशींतही नळीची मांडणी बिघडून एकाच फांदीत अनेक पोकळ्या दिसतात आणि फांद्या मागे सरतात. तो बाहेरच्या आधाराला धरून राहण्याचा प्रश्न. गर्भावस्थेतल्या टर्मिनल पेशीत सेंट्रोसोमची संख्या वाढली तरी जादा नळ्या फुटतात. तो मायक्रोट्यूब्यूलच्या (पेशीतल्या वाहतुकीच्या तंतूंच्या) मांडणीचा प्रश्न.

दर वेळी निकाल वेगळा येतो

माश्यांचा तोच स्टॉक, तोच क्रॉस, गेल्या वेळी फुगे होते, या वेळी नाहीत. बहुतेक वेळा कारण तापमान असतं. गॅल४ची ताकद १८ अंशांना कमी आणि २९ अंशांना जास्त असते, आणि इनक्युबेटरच्या वरच्या व खालच्या फळीतही फरक पडतो. बाटलीजवळ थर्मामीटर ठेवा, इनक्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तापमान-संवेदनशील शिबिरे वापरत असाल तर नुसत्या वाढलेल्या तापमानात वाढवलेली साधी अळी कंट्रोल म्हणून लागतेच, कारण उबेने वाढीचा वेगच बदलतो. आणि किती तास अडवलं हेही लिहा. थोडा वेळ डायनॅमिन अडवणं आणि अळीच्या जन्मापासून ते नसणं, या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. पहिलीत वाहतुकीचा खोळंबा दिसतो, दुसरीत त्या खोळंब्याशी पेशीने केलेली तडजोडही त्यात मिसळलेली असते.

क्लोनच्या बाबतीत वेळ चुकते. या पेशींची विभाजनं गर्भावस्थेतच उरकतात, म्हणून मार्कम (उजळलेले म्युटंट क्लोन मिळवण्याची पद्धत) क्लोनसाठी उष्णतेचा धक्का अंडी घातल्यावर साधारण ४ ते ६ तासांच्या टप्प्यात द्यावा लागतो. उशीर झाला की टर्मिनल क्लोन सापडतच नाहीत. वेळेत मिळाले तरी आईकडून आलेलं आणि क्लोन होण्याआधी बनलेलं प्रथिन काही काळ पुरतं. पहिल्या अवस्थेत ठीक आणि तिसऱ्या अवस्थेत बिघडलेली पेशी दिसली तर 'हे जनुक नळी टिकवण्यासाठी लागतं, बनवण्यासाठी नाही' असं ठामपणे म्हणू नका. जुना साठा संपायला तेवढा वेळ लागला असेल.

कृमीवाल्यांसाठी

सी. एलिगन्सच्या उत्सर्जन पेशीवर काम करणारेही हाच प्रश्न विचारतात. ती एकच पेशी, इंग्रजी एच अक्षरासारखी, शरीराच्या लांबीभर कालवे पसरलेली. तिथे हवेची युक्ती चालत नाही, नळीत द्रव असतं. फुगे आणणारे अनेक ईएक्ससी म्युटंट १९९९ मध्ये एकत्रित वर्णन केले गेले आणि त्यांचा रोख एपिकल पटलाकडेच होता. एक्झोसिस्ट तिथेही लागतं. मात्र त्या नळीत पाण्याचा दाबही काम करतो: मोएसिनच्या कुळातलं ईआरएम-१ आणि पाणी आरपार नेणारं एक्यूपी-८ हे अ‍ॅक्वापोरिन मिळून पोकळी वाढवतात. त्यामुळे फुगा दिसला की प्लेटचं क्षारप्रमाण कंट्रोलशी जुळतंय का, ते जनुकाआधी तपासा.

ती नळी नक्की कोणाची?

ही तपासणी लोक हमखास विसरतात. टर्मिनल पेशीत नळी आहे, थोडी विचित्र आहे, तिच्या मुळाशी अडथळा वाटतो, पण आहे. ओक गॉल आणि कन्जॉइन्ड या म्युटंटमध्ये असंच दिसतं. ही जनुकं व्हॅक्युओलर एटीपेज या प्रोटॉन पंपाचे ई आणि जी उपघटक बनवतात. टर्मिनल पेशीचं एपिकल क्षेत्र खुरटलं की शेजारची स्टॉक पेशी आपली सांधा असलेली नळी तिच्यात घुसवते. एपिकल बाजू ठरवणारी पार६ किंवा एपीकेसी ही प्रथिनं कमी केल्यावरही तेच, एमटॉर या वाढ-नियंत्रक मार्गातल्या म्युटंटमध्येही तेच. म्हणजे तुम्ही ज्या नळीचा व्यास मोजताय ती तुमच्या म्युटंट पेशीची नसून शेजारणीची असू शकते, आणि सगळा निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

तपासणं अवघड नाही. सांध्यावर असणारं ई-कॅड्हेरिन रंगवा. बिनसांध्याच्या नळीवर त्याची सलग रेघ नसते, ती फक्त स्टॉक पेशीशी जिथे जोड आहे तिथे दिसते. नळीच्या बाजूने ती रेघ टर्मिनल पेशीच्या आतपर्यंत धावत असेल तर ती घुसखोर नळी आहे. सगळ्या श्वासनलिकांत चालणारा बीटीएल-गॅल४ स्टॉक पेशींतही चालतो, त्यामुळे त्याच्या जीएफपीने दोघी सारख्याच उजळतात आणि सीमा पुसली जाते. सीमा हवी असेल तर टर्मिनल पेशीपुरता चालणारा एसआरएफ-गॅल४ वापरा, किंवा फक्त टर्मिनल पेशी उजळलेला क्लोन शोधा, मग त्यावर कॅड्हेरिनचा चॅनल चढवा. स्टॉकच्या जोडापासून सुरुवात करून रेघ कुठे संपते ते बघा, आणि नळीचा व्यास त्याच्या पुढेच मोजा.